काठाचं पाणी

"धरण नगं," सर्जेराव अण्णा म्हणाले.

"बरं, मग किल्ला."

"किल्ल्यावर टाकी असत्यात, बाई. तोंडापतोर भरल्याली."

"साताऱ्यातली बाग?"

"बागंत कारंज्याचा हौद असतुया."

"मग देवदर्शनाला जाऊ. देवाला तरी कुणाची हरकत नसावी."

"देवळाम्होरं नदीचा घाट हाय न्हवं?"

मी हातातला खडू टेबलावर आपटला. सकाळी मोठ्या हौसेनं फळ्यावर लिहिलेल्या सहलीच्या जागा एकेक करून खोडून झाल्या होत्या. "अहो, मग चौथीची पोरं न्यायची तरी कुठं? माळावर? माळ तर ती जन्मल्यापासून बघतायत!"

मला वाटलं होतं, निदान आता तरी कुणी हसेल. शाळेच्या समितीतली सगळी माणसं सतरंजीकडे बघत बसली. अण्णा समितीचे अध्यक्ष, एरवी बोलायला लागले की थांबायचे नाहीत, तेही गप्प. मुख्याध्यापक वीरकर गुरुजी चष्मा पुसत होते. अडचणीचं काही निघालं की ते चष्मा पुसायचे, आणि एवढा पुसूनही त्यांना म्हणावं तसं दिसायचं नाहीच.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "समुद्रावर न्या."

हौसाक्का पुकळे. समितीत बायका पाहिजेत म्हणून घेतलेली, कधी तोंड न उघडणारी बाई. तिची वैजंता माझ्याच वर्गात होती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती पुन्हा म्हणाली, "पोरास्नी समुद्रावर न्या. मागं नेली व्हती तिथंच."

मग गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "चहा घ्या सगळ्यांनी." बैठक संपली.

तरसमाळला माझी बदली होऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. मी कृष्णाकाठची. आमच्या घराच्या मागच्या दारातून नदी दिसायची. चालायला लागले त्याच्या आगेमागेच मी पोहायलाही लागले असेन. आणि नोकरीनं आणून टाकलं कुठं, तर जिथं टँकर आला की शाळा निम्मी रिकामी व्हायची. पहिल्याच आठवड्यात पेल्यात उरलेलं घोटभर पाणी मी सवयीनं खिडकीतून भिरकावलं, तर अख्खा वर्ग ओरडला, "बाई, पाणी सांडलं!" जसं काही मी कुणाला ढकलूनच दिलं होतं! त्या दिवसापासून मी पेला तळापर्यंत प्यायला शिकले.

त्या गावची रीतच निराळी होती. बाहेर जाणारं कुणी मोकळ्या हातानं जायचं नाही. बाजाराला निघालेला माणूस सायकलला तेलाचा रिकामा कॅन अडकवायचा, लग्नाला गेलेल्या बायका येताना कळशी भरून आणायच्या. गावाखाली एक पाझर तलाव होता. त्याचा काठ जनावरांनी तुडवून पार राड केलेला. एकदा शाळा सुटल्यावर बघते तर माझ्या वर्गातली पोरं मांडीभर पाण्यात उभी राहून कॅन भरतायत. मी काठावरूनच ओरडले, "अरे, इथं भरा की! आत कशाला जाता?"

"काठाचं गढूळ असतंय, बाई," वैजंता म्हणाली. "आमच्यातली माती लय वंगाळ. चार दिस ठेवलं तरी खाली बसत न्हाई. आत निवळ मिळतंय."

नऊ-दहा वर्षांच्या पोरीला एवढं कळतं याचं मला कौतुकच वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला फोनवर सांगितलंही.

तर त्या बैठकीनंतर सगळे पांगले आणि मी वीरकर गुरुजींना व्हरांड्यात गाठलं. "गुरुजी, हे काय प्रकरण आहे? मला न सांगता तुम्ही मला फळ्यापुढं उभं केलंत."

"मगदूमबाई, तुम्ही उगाच सहलीचं काढलंत. या शाळेची सहल बंद आहे."

"का पण?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हौसाक्काचा थोरला. धुळा. तोही चौथीतच होता. सहल कोकणात गेली होती, समुद्रावर. तिथं गेला तो."

"म्हणजे वैजंताचा भाऊ," मी म्हटलं.

"निकम गुरुजी म्हणून होते, त्यांनी नेली होती सहल. पोरं पाण्यात उतरली तेव्हा ते टपरीवर चहा पीत होते म्हणे. मी नव्हतो त्या वेळी या शाळेवर, मला ऐकूनच माहीत. हौसाक्कानं पोलिसांना सांगितलं, गुरुजीनं माझं पोर मारलं. आणि गावानं गुरुजींना या पायरीवर धरून मारलं. एक कान गेला त्यांचा. पुढं निलंबन, चौकशी, सगळं झालं. सुटले, पण परत कुठल्याच वर्गावर उभे राहिले नाहीत."

"आता कुठे असतात?"

गुरुजींनी चष्मा काढला. "चला, तास झाला," ते म्हणाले.

माझी पंचाईत अशी की मी पोरांना शब्द देऊन बसले होते. 'सहल' म्हटल्यावर त्यांचे चेहरे कसे फुलले होते ते मीच पाहिलं होतं. त्यातल्या निम्म्यांनी तालुक्याचं गावसुद्धा पाहिलेलं नव्हतं. आणि जिचं पोर गेलं तीच बाई म्हणत होती, समुद्रावर न्या. माझ्या डोक्यात ते काही केल्या बसेना. शेवटी रविवारी मी तिच्या घरी गेले.

घर म्हणजे दोन खण आणि पुढं ओसरी. नवरा मेंढरं घेऊन बाहेर, वर्षातला बराच काळ तो बाहेरच असायचा. वैजंता शेजारणीबरोबर टँकरच्या रांगेत होती. हौसाक्कानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि मी शहाण्यासारखी लागेल तेवढंच पाणी घेतलं. घरात जिथं तिथं पाणीच साठवलेलं, घागरी, हंडे, डबे, बाटल्या. एकच पाच लिटरचा, आरपार दिसणारा कॅन तेवढा कोरडा, खुंटीला टांगलेला.

मी आपली बोलायला सुरुवात म्हणून विचारलं, "तो गळका आहे काय?"

"न्हाई. चांगला हाय."

मग मी सरळच म्हटलं, "हौसाक्का, मला सगळं कळलं. गुरुजींनी सांगितलं. मग तुम्ही समुद्रावर न्या असं का म्हणालात?"

"मला बगायचा हाय त्यो."

"समुद्र?"

"व्हय. पोराला आणाया गडी गेलं. त्येंनी बघितला. पोलिसांनी बघितला. मला कुणी नेलं न्हाई. म्हनले, बाईमाणसाचं काम न्हाई ते. दारात आणून ठेवलं तवाच म्या बघितलं त्येला." बोलता बोलता ती ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही. "इतकी वर्सं झाली, बाई. डोळं मिटलं की मला समुद्र दिसाया पायजे का न्हाई? तर मला आपला पाझर तलावच दिसतुया."

"आणि वैजंता? तिला नेणार?"

"तिला कुणाजवळ ठिऊन येऊ?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती की," ती म्हणाली. "भ्या वाटतंय म्हणूनच म्या संगट येणार. वैजीचा हात सोडायची न्हाई. पर तिथं जाऊन मला एक बगायचंच हाय."

"काय ते?"

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "गेल्याबिगर कळायचं न्हाई ते," एवढंच म्हणाली.

मी उठले. खरं सांगायचं तर मला ती सहल नकोशी झाली होती. तिचं एकच पोर उरलेलं, आणि ते मी त्याच पाण्याजवळ नेणार. पण तिच्या तोंडावर नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

पुढच्या बैठकीत अण्णांनी आकांडतांडव केलं. "येड लागलंय काय तुमास्नी? पुन्यांदा तिथंच?" हौसाक्का उभी राहिली आणि म्हणाली, "माझं गेलं तिथं. माझी वैजी येणार हाय. तुमची येणार नसतील तर नगा धाडू." जिचं जळलं तीच पुढं चालली म्हटल्यावर बाकीच्यांना मागं राहायची लाज वाटली. वीरकर गुरुजींनी अटी घातल्या. मोठी माणसं बरोबर पाहिजेत, पोरं कोरड्या वाळूच्या खाली जायची नाहीत, आणि मगदूमबाईंना पोहता येतं म्हणून त्यांनी पोरांच्या आणि पाण्याच्या मधे उभं राहायचं. अण्णांनी विहिरीवरचा जाडजूड दोरखंड आणायचं कबूल केलं. तो वाळूत आडवा धरायचा आणि पोरं त्याच्या अलीकडं.

सहलीच्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत एसटीची लाल गाडी शाळेपुढं लागली. पोरांच्या अंगावर दिवाळीचे कपडे, डोक्याला तेल थापलेलं. बायांनी भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. हौसाक्का मागच्या बाकावर वैजंताला खिडकीकडं घालून बसली. तिच्या मांडीवर पदराखाली काहीतरी होतं, मी लक्ष दिलं नाही.

घाट उतरताना गाडीनं वळण घेतलं आणि एका बाकाखालून एक रिकामा कॅन गडगडत पुढं आला. मी उचलला. "कुणाचा हा?"

"माजा, बाई," एक पोरगी म्हणाली.

"कशाला आणलास?"

"पाणी आणाया."

"अगं बये, समुद्राचं पाणी खारट असतं! कुणी पीत नाही ते."

"पियाला नसंल. भांड्याला तर चालंल? आई म्हनली, येवढं पाण्यावर चाललीयास, रिकामी येऊ नगंस."

मला हसू आवरेना. "अजून कुणी आणलाय?" असं म्हणायचा अवकाश, पिशव्यांतून, बाकांखालून, सदऱ्याआडून कॅन आणि बाटल्या निघायला लागल्या. बहुतेक सगळ्या वर्गानं आणले होते. शाळेनं एकालाही सांगितलेलं नव्हतं, गावातून निघताना हात रिकामे ठेवायचेच नाहीत, एवढंच त्यांना ठाऊक. अण्णाही हसायला लागले. वीरकर गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळे कॅन गोळा करून ड्रायव्हरच्या मागं टाकले आणि दम भरला, "समुद्रावर कॅन न्यायचा नाही. ज्याच्या हातात दिसेल त्याला गाडीतच बसवीन."

वैजंताकडे काही निघालं नाही. सगळ्या वर्गात तिच्याच आईनं तिला कॅन दिला नव्हता. मी मागं वळून पाहिलं तर हौसाक्का काचेला कपाळ टेकून बाहेर बघत होती.

दुपारच्या सुमाराला आम्ही पोचलो. सुरूच्या झाडांतून पोरं रांगेनं बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. पोरं पळतील, आरडाओरडा करतील म्हणून मी कंबर कसून होते, तर एकानंही पाऊल उचललं नाही. मग एक जण हळू आवाजात म्हणाला, "एवढं पाणी पडलंय, अन् एक बी बाई भराया न्हाई?"

"कुणाचं हाय ह्ये?" दुसऱ्यानं विचारलं.

"कुणाचं नाही," मी म्हटलं.

त्याला ते काही पटलं नाही. मी तोंड वळवून दोरखंड कुठवर आला ते बघायला लागले. अण्णांनी आणि बरोबरच्या गड्यांनी तो कोरड्या वाळूत ताणून धरला. पोरांनी दोरापाशी बसून वाळूत घरं केली, भाकऱ्या खाल्ल्या, एकमेकांच्या अंगावर वाळू टाकून मार खाल्ला. मी साडी खोचून ओल्या वाळूत उभी. ओहोटी लागलेली, लाटा काही फार मोठ्या नव्हत्या. माझं सगळं लक्ष पोरांवर. सारखी डोकी मोजत होते आणि वैजंता दिसली की जीव खाली पडत होता. ती दोराच्या आत होती, मैत्रिणींबरोबर किल्ला करत होती.

मी मोठ्या माणसांकडे बघितलंच नाही.

"आये!"

वैजंता किंचाळली. मी वळले. हौसाक्का पाण्यात होती. दोराच्या टोकाला वळसा घालून ती कधी गेली कुणालाच कळलं नाही. गुडघाभर पाण्यात वाकून तिनं कॅन बुडवला, वर धरला, उन्हाकडे करून बघितला. खुंटीवरचाच कॅन तो. तिनं तो ओतून टाकला आणि आणखी आत गेली.

"हौसाक्का! मागं फिरा!"

तिनं ऐकलं नाही. कमरेइतक्या पाण्यात तिनं पुन्हा कॅन भरला, पुन्हा बघितला, पुन्हा ओतला. मी धावले. ओलं लुगडं पायांत अडकून ती एकदा कोलमडली, सावरली आणि अजून आतच निघाली. मागं पोरं रडायला लागली होती, अण्णा वैजंताला घट्ट धरून ओरडत होते. मी पोचले तोवर पाणी हौसाक्काच्या छातीला लागलं होतं. एक लाट आली आणि तिचा पाय सुटला. मी तिचा दंड धरला, लुगडं धरलं, जे हाताला लागेल ते धरलं. पायाखालची वाळू सरकत होती, पाणी ओढत होतं. आयुष्यभर पाण्यात वाढलेली मी, पण त्या दिवशी मला पाण्याची पहिल्यांदा भीती वाटली. कशीबशी तिला ओढत मी गुडघाभर पाण्यात आणलं. कॅन तिनं सोडला नव्हता. त्यात पाणी भरलं होतं, वाळूनं लालसर झालेलं.

"अहो, जीव द्यायला आलात काय इथं?" मी तिच्यावर ओरडले. "ती पोरगी बघतीये तिकडं! शोभतं का हे तुम्हाला?"

ती धापा टाकत होती. "जीव द्याया न्हाई," ती म्हणाली. "बाई, तुमी पाण्यातल्या. खरं सांगा. हितं किती आत गेलं म्हंजी निवळ लागतंय?"

मला तिचा प्रश्नच समजेना. "निवळ?"

"काठाला गढूळ हाय. गुडघ्याला गढूळ. छातीला बी गढूळच. कुठवर गेलं म्हंजी निवळ?"

"इथं लाटा वाळू उकरतात, हौसाक्का. निवळ पाणी लागायला पार पुढं जावं लागेल. माणसाचे पाय टेकत नाहीत तिथवर."

लाट येऊन तिच्या गुडघ्यांवर आपटली तरी ती हलली नाही.

"तवर गेला असंल मग त्यो," ती म्हणाली.

"कोण?"

"धुळा. म्या सांगितलंतं त्येला. सकाळच्या पारी, गाडीत बसताना. कॅन हातात दिला अन् म्हनलं, काठाचं गढूळ आणू नगंस रं, आत जाऊन निवळ भर. रोज सांगायची तसंच सांगितलं, बाई. पोरगं माझ्या शब्दाभाईर नव्हतं कवाच. सगळी पोरं वर भाकरी खात हुती तवा ह्यो एकलाच कॅन घिऊन खाली आला, असं मागनं पोरांनी सांगितलं. गुरुजी चहा पीत हुतं का न्हवतं, मला काय ठावं? म्या नाव घेतलं त्येंचं. कुणाचं तरी घ्याया पायजे हुतं."

मी तिचा दंड अजून धरूनच होते. रागानं धरलेला हात कधी सैल पडला कळलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं पाझर तलावात मांडीभर पाण्यात उभी असलेली माझ्या वर्गातली पोरं आली, आणि फोनवर मी केलेलं त्यांचं कौतुकही आठवलं.

"गड्यांनी कॅन बी परत आणला," ती म्हणाली. "चांगला हाय म्हणून."

वीरकर गुरुजींनी सहल तिथंच आवरली. पोरं निमूटपणे गाडीकडे चालली, वाळूतले किल्ले तसेच राहिले. वैजंता आईच्या ओल्या लुगड्याला चिकटून चालत होती आणि हौसाक्काच्या दुसऱ्या हातात तो भरलेला कॅन होता. कुणी तिला तो टाक म्हटलं नाही. तरसमाळच्या माणसाला भरलेलं पाणी टाक म्हणायची रीतच नव्हती.

सुरूच्या बनातून गाडीपर्यंत फारसं अंतर नव्हतं. सगळ्यांना चढवून मी मागं वळले तर हौसाक्का पायरीपाशी थांबलेली. तिनं कॅन उन्हाला धरला होता.

"बाई, ह्ये बघा."

पाणी काचेसारखं नितळ झालं होतं. तळाला दोन बोटं वाळू बसली होती.

"गाळ न्हाई ह्यो," ती म्हणाली. "वाळू हाय. हितवर चालत येस्तवर खाली बसली. आमच्यातल्या मातीवानी न्हाई ही. काठाचं भरलं असतं तरी चाललं असतं की गं, बाई. गाडीपतोर निवळलं असतं."

मी पायरीची दांडी धरून उभी राहिले. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं, तेही त्यानं बंद केलं.

मग हौसाक्कानं वीरकर गुरुजींकडे पाहिलं. "गुरुजी, ते निकम गुरुजी कुठल्या गावचं? गाडी तिकडनं न्या. मला त्यास्नी ह्ये दावायचं हाय. माझ्या तोंडानं सांगायचं हाय."

गुरुजींचा हात चष्म्याकडे गेला. पण या वेळी त्यांनी तो काढला नाही.

"हौसाक्का," ते म्हणाले, "मागल्या दिवाळीत गेले ते. गावात कुणी विचारलंच नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

"गेलं व्हय," ती म्हणाली.

मग तिनं कॅनचं झाकण काढलं, कॅन उलटा केला आणि सगळं पाणी तिथंच रस्त्यावर ओतून दिलं. शेवटची वाळूसुद्धा झटकून टाकली. गाडीच्या खिडक्यांना चिकटलेली पोरं एकदम ओरडली. त्यांत वैजंताचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"आये, पाणी सांडलं! पाणी सांडलं, आये!"

"सांडू दे," हौसाक्का म्हणाली, आणि रिकामा कॅन तिथंच ठेवून गाडीत चढली.